सीटखाली बांधलेली गाठ

दादा, आधी भांडून घेते, मग रडायचं ते रडेन. तुमचं तेरावं होऊन आठवडा झाला. शेजारच्या गाळ्याला कुलूप आहे, आणि मी अजून सकाळी शटर वर करता करता तिकडे बघून म्हणते, "आज उशीर केला वाटतं." सवय आहे, जायला वेळ लागेल. पण परवा जे मला कळलं त्यावरून तुमच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय घास घशाखाली उतरत नाहीये. पाच वर्षं गप्प बसलात! एका भिंतीपलीकडे बसून, रोज तोंड बघून, एवढी गोष्ट माणूस पोटात ठेवतो? मला तर सकाळची गोष्ट दुपारपर्यंत ठेवता येत नाही.

जांभूळ गावी तुमच्या घरी बसायला गेले होते. अंगणात चपलांचा ढीग. प्रत्येकजण तुमचं काहीतरी सांगत होता. कुणाची बंद पडलेली गाडी, कुणाचं लग्न, कुणाच्या मुलाची फी. ते सगळे दादा खरेच असतील, पण मला माहीत असलेले दादा म्हणजे गाडीच्या दारातून बाहेर आलेले दोन पाय आणि सीटखाली गेलेलं डोकं. अर्धं बोलणं आपण तसंच केलं. मी तुमच्या पायांशी भांडायची आणि सीटखालून उत्तर यायचं.

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात भिंतीला भिंत लावून आपले गाळे. मी सीट कव्हरं शिवते आणि सीटखाली हुकांनी ताणून बसवते, तुम्ही गाड्यांचं वायरिंग बघायचात. आमचे हे गेले त्यानंतर महिन्याभरात मी गाळा उघडला तेव्हा घरचे, दारचे सगळे म्हणत होते, विकून टाक, बाईमाणसाचं काम नाही हे. तुम्ही नुसते दारात येऊन उभे राहिलात. "मशीन चालवता येतं ना?" मी म्हटलं, येतं. "मग बस मशीनवर. आन् गिऱ्हाईक आलं की तोंड जरा कमी चालव." सांत्वनाला आलेला माणूस असं बोलतो का? मी तिथल्या तिथे तुम्हाला सुनावलं होतं. तुम्ही हसत गेलात, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मशीनच्या वर एक ट्यूबलाइट लावून गेलात. विचारलंसुद्धा नाही.

बटणावर चालणाऱ्या सीटा आपल्याकडे यायला लागल्या तेव्हा बाकीचे वायरमन घाबरायचे. सीट हलेना की मोटर बदला, मोटर बदलून हलेना की बटण बदला, तरी नाही तर कंपनीत घेऊन जा. तुम्ही मात्र आधी गिऱ्हाइकालाच खुर्ची द्यायचात. आपल्याकडे निम्मी गिऱ्हाइकं सिंधी, त्यांना तुम्ही "साईं, छा थियो?" असं त्यांच्याच भाषेत विचारायचात, आणि एवढ्याशा शब्दांवर ती माणसं घरचं कुणी भेटल्यासारखी बोलायला लागायची. काय झालं, कधीपासून, तेव्हा गाडीत कोण बसलं होतं, सीट तेव्हा पुढे होती की मागे. मला वाटायचं, हा माणूस वेळ काढतोय. एकदा तसं बोललेसुद्धा. तुम्ही म्हणालात, "मंगल, गाडीला बोलता येत नाय म्हणून मालकाला विचारायचं."

मग दार लावून घ्यायचं, गाडीतला वरचा दिवा पेटवायचा आणि सीटचं बटण दाबायचं. "दिवा बग. जरा मंद झाला, तर करंट मोटरपर्यंत पोचतोय, मोटर कुठंतरी अडकलीय. दिवा ढिम्म हलला नाय, तर करंट वाटेतच थांबलाय. अर्धं काम झालं, अजून पाना हातात घेतला नाय." हे मला सांगताना तुमच्या चेहऱ्यावर जो आनंद असायचा ना, तो मी बघायची. वाक्य तर मी शंभरदा ऐकलेलं असायचं.

ती बदलापूरची गाडी आठवते? नदीचं पाणी सोसायटीत शिरलं होतं त्यातून निघालेली. तिला दोन ठिकाणी नवी मोटर सांगितली होती, आणि एकाने तर बसवलीही होती. तुम्ही गालिचा उचललात. खाली अर्थिंगच्या वायरीचा स्क्रू हिरवागार झाला होता. पॉलिश पेपरने घासलात, परत कसलात, आणि सीट सुरसुर पुढे. मालक म्हणाला, हे बाकीच्यांना का नाही दिसलं? तुम्ही म्हणालात, "गालिचा उचलायला लागतो ना साहेब." एवढंच. बाकीच्यांना एक वाकडा शब्द नाही. मी तुमच्या जागी असते तर त्या मोटरवाल्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

आणि तो तुमचा हट्ट. रिकाम्या सीटवर काम तपासायचं नाही. माणूस बसवूनच बघायचं. "रिकामी सीट कुणाचंबी ऐकते." मग भर रस्त्यात हाक, "मंगल, ये गो, वजन पायजे!" अहो, लाज वाटायची मला! समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं दात काढायची. मी तणतणत यायची, पदर खोचून बसायची, आणि तुम्ही सीट पुढे, मागे, वर, खाली करत माझी जत्रा करायचात. पण तुमच्याकडून गेलेली सीट परत आलेली मी बघितली नाही.

एक सोडून. तीच ती.

मेघाताई आठवतात ना, अंबरनाथच्या? फिजिओथेरपीवाल्या. चिखलोलीच्या नव्या बिल्डिंगांपासून बदलापूरपर्यंत घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांचे गुडघे हलते ठेवतात. स्वतः उंचीला माझ्या खांद्याएवढ्या, आणि नवरा दाराला डोकं आपटेल असा. एकच गाडी दोघांत. बाईंना सीट अगदी पुढे आणि वर लागते, नवऱ्याला पार मागे. त्यांचं काम माझं पहिलं मोठं काम होतं. त्याच दिवशी तुम्ही त्यांना मागच्या सीटवाल्यांसाठी मोबाइल चार्जिंगचा पॉइंट काढून दिलात. त्याची वायर सीटखालूनच गेली होती.

आठ दिवसांनी भर दुपारी बाई आल्या त्या पाठीमागे दोन उशा लावून. रविवारी नवऱ्याने सीट मागे नेली ती तिथेच मेली. सोमवारी पेशंट ताटकळलेले, आणि यांचा पाय ब्रेकला पोचेना. जे बोलल्या ते दोघांनाही बोलल्या, पण तुम्हाला जास्त, कारण वायर तुमची. गाडी ठेवून रिक्षाने पेशंटकडे गेल्या, दोन तासांनी येते म्हणून.

तुम्ही फ्यूज काढून उन्हात धरलात. उडालेला. मी म्हटलं, मग नवा टाका की, एवढं काय! तुम्ही म्हणालात, "फ्यूजनं त्याचं काम केलं. आता त्याला कुणी छळलं ते शोधूया." फ्यूजच्या जागी हेडलाइटचा जुना बल्ब जोडलात. तो लख्ख पेटला. म्हणजे आत कुठेतरी वायर सोलून लोखंडाला चिकटलीय. चिकटलेली आहे तोवर बल्ब पेटणार, सुटली की विझणार. तुम्ही सीटखाली गेलात आणि मला बल्बसमोर उभं केलंत. "मी वायर चाचपत जातो. विझला की आरडा मार."

मी उभी होते, हाताची घडी घालून, धुसफुसत. माझं पहिलं मोठं काम, आणि यांच्या वायरीने नास केला. असंच डोक्यात चाललेलं. आणि बल्ब विझला. मी ओरडले, "विझला!"

खालून आवाज नाही. पाय हलले नाहीत. मी परत म्हटलं, "दादा, विझला, ऐकलं का?" मग तुम्ही म्हणालात, "हां, ऐकलं. जा गो, दोन चहा घेऊन ये." मी गेले. टपरीवर गर्दी होती, जरा वेळच लागला. दोन ग्लास घेऊन आले तेव्हा तुम्ही फडक्याला हात पुसत बाहेर उभे होतात आणि सीट पुढे आलेली होती.

"काय होतं?"

"माझी वायर. नीट बांधली नव्हती."

मेघाताईंना तुम्ही तेच सांगितलंत, मान खाली घालून. त्या आल्या, बोलल्या, गेल्या. त्यांच्या आधी आणि त्यांच्या नंतर मी बोलले. काय काय बोलले ते मला आठवतंय दादा, म्हणूनच झोप लागत नाहीये. म्हातारे झालात, दिसत नाही तर चष्मा लावा, माझ्या पोटावर पाय का देता. असंही बोलले. तुम्ही उलट्या डब्यावर बसून "हां, हां" करत राहिलात.

पुढच्या आठवड्यात तुम्ही रबराच्या नळीचा एक गुंडाळा आणून माझ्या मशीनवर ठेवलात. "कव्हरच्या हुकांना ही घालत जा. आन् वायरीच्या बाजूला हुक नको अडकवू, पुढल्या दांडीला अडकव." मी फटकन म्हटलं, "आपलं आपण बघा आधी." तरी चार दिवसांनी नळी घालायला लागले. बरी दिसते म्हणून, मनाला असं सांगून. आणि पुढे माझा निर्लज्जपणा बघा, "आमच्याकडे हुकांना रबरी नळी असते, वायरीला धक्का लागत नाही" हे मी माझ्या कार्डावर छापून घेतलं. ते कार्ड तुम्हालाही दाखवलं. तुम्ही चष्मा लावून सगळं वाचलंत आणि म्हणालात, "छान छापलंय."

मेघाताईंनी आपल्या डॉक्टर मंडळींच्या ग्रुपमध्ये लिहिलं होतं. कव्हरं मंगलकडे, वायरिंग दुसरीकडे बघा. माझ्याकडे गाड्या यायला लागल्या. त्याच गाड्या तुमच्या दारावरून पुढच्या चौकातल्या वायरमनकडे जायच्या, तुमच्या डोळ्यांसमोर. तुम्ही एकदाही काही बोलला नाहीत. मी मात्र बोलायची. चेष्टेत म्हणायची, पण बोलायची. तुम्ही गेलात त्याच्या आठवडाभर आधी एका गिऱ्हाइकाने विचारलं, शेजारचे दादा कसे आहेत हो कामाला? मी तुमच्यासमोर म्हटलं, "एक नंबर! फक्त सीटखाली जाऊ देऊ नका." तुम्ही खळखळून हसलात. म्हणालात, "बरोबर बोलते ती." हे आपलं शेवटचं धड बोलणं.

परवा मेघाताई आल्या. कव्हरं पाच वर्षांत विटली, नवी टाकायची. तुमचं कुलूप बघून विचारलं, मी सांगितलं. त्या खरंच हळहळल्या. म्हणाल्या, "अरेरे. चांगले होते हो. एकदा माझी गाडी बिघडवली, पण कबूल तरी केलं लगेच." आणि मी काय म्हटलं असेल? "हो ना," म्हटलं. सहज. जीभच तशी वळलेली.

त्या बाकावर बसल्या आणि मी जुनं कव्हर काढायला सीटखाली टॉर्च घेऊन गेले. एकेक हुक सोडवत होते. ते हुक बघूनच हसू आलं, कारण पहिल्या वर्षी मी सायकलच्या चाकाचे स्पोक कापून घरी हुक वाकवायची. टोकं घासायला हवीत हे कळायचं, पण कंटाळा. चार हुक तसेच, उघडे, टोकदार. पाचव्याला रबराची नळी चढवलेली, आणि टोक पक्कडीने आतल्या बाजूला वळवलेलं. तेव्हा तर माझ्याकडे नळी नव्हती, दादा. नळी तुम्ही नंतरच्या आठवड्यात आणलीत.

आणि त्या हुकाच्या अगदी शेजारी, गाडीच्या मूळच्या वायरींच्या जुडग्यावर तुमची गाठ. तुमचे वडील नदीवर जाळी टाकायचे, त्यांच्या हातची जाळ्याची गाठ, नायलॉनच्या दोऱ्याची. टेप उन्हाने सुटते म्हणून वरून तुम्ही ती बांधायचात, आणि अख्ख्या उल्हासनगरात ती दुसरं कुणी बांधत नव्हतं. मी टॉर्च फिरवला. तुमची चार्जिंगची वायर सीटच्या पार दुसऱ्या बाजूने गेली होती. तिच्यावरही तशाच गाठी होत्या, हातभर अंतरावर एकेक. कुठे खरचटलेलीसुद्धा नव्हती.

मला सगळं एकदम कळलं. सीट पार मागे गेली की माझा हुक वायरीत रुतत होता. तुम्ही चाचपत आलात, वायर हुकावरून उचललीत, बल्ब विझला, आणि "विझला" म्हणून मीच ओरडले होते.

खोटं नाही बोलत तुमच्याशी. पहिला विचार आला तो हाच, की हुक काढून खिशात टाकावा, नवं कव्हर चढवावं, कुणाला कळतंय? बाहेरून मेघाताईंनी विचारलं, "झालं का हो?" त्यांच्या ग्रुपवर माझा अर्धा धंदा चालतो. तुम्ही तर गेलात, तुम्हाला आता कशाने काय फरक पडणार, इथवर माझ्या मनाने मजल मारली. मग मला माझं ते "हो ना" आठवलं आणि स्वतःची शिसारी आली.

"ताई, जरा वाका इकडे," मी म्हटलं. त्यांनी ओढणी सावरून डोकं खाली घातलं. मी टॉर्च धरला. "हा हुक माझा. ही चिरलेली वायर जोडल्याची गाठ दादांची. दादांची वायर ती तिकडे. तुमची सीट माझ्या हुकाने बंद पडली होती. मला आज कळलं."

त्यांनी टॉर्च माझ्या हातातून घेऊन दोन्ही वायरी स्वतः बघितल्या. मग तिथेच फरशीवर बसल्या. "म्हणजे मी पाच वर्षं सगळ्यांना सांगितलं ते?"

"ते खोटं होतं. आणि मी त्याला मान डोलवत होते."

त्यांनी फोन काढला. त्याच ग्रुपमध्ये लिहायला घेतलं. मधेच थांबून माझ्याकडे बघितलं. "तुमचं नाव घालावं लागेल, मंगलताई." मी म्हटलं, घाला. आणि उरलेले हुक सोडवायला लागले.

नवं कव्हर घातलं. सगळे हुक नळीचे, सगळे पुढच्या दांडीला. तुमची गाठ तशीच ठेवली. मग ताईंना म्हटलं, बसा सीटवर, रिकामी तपासत नाही आम्ही. वरचा दिवा लावला. पुढे, मागे, वर, खाली. बटण दाबलं की दिवा जरासा मंद व्हायचा, सोडलं की पुन्हा नीट. ताई दोनदा पार मागे गेल्या, दोनदा पुढे आल्या. काही झालं नाही.

त्यानंतर एका डॉक्टरीणबाईंनी ठरलेलं काम रद्द केलं. दुसऱ्या एकीने मुद्दाम फोन करून तुमच्या घरचा पत्ता मागितला, भेटून यायचं म्हणाली. जे होईल ते होईल. वहिनींना मी काल सगळं सांगितलं. मला वाटलं, त्यांना तरी ठाऊक असेल. त्या म्हणाल्या, "असेल केलेलं. घरी कवा बोलले नाय." म्हणजे बायकोलाही नाही. धन्य आहे तुमची!

का नाही सांगितलंत, हे मला कळतं. तेव्हा मी काठावर उभी होते. पहिल्याच मोठ्या कामात माझी चूक निघाली असती तर मी शटर ओढून माहेरी गेले असते, आणि विका विका म्हणणारे खरे ठरले असते. तुम्हाला ते सीटखाली पडल्यापडल्या कळलं. एवढ्याशा वेळात. गाडीचं दुखणं शोधणारे खूप बघितले मी, पण सीटखालून बाहेरच्या बाईच्या मनातलं ओळखणारा एकच बघितला. पण नंतर? दोन वर्षांनी, तीन वर्षांनी, माझं बस्तान बसल्यावर? एकदा कानात सांगायचंत की, "मंगल, हुक तुझा होता." मी चार दिवस फुगले असते आणि पाचव्या दिवशी तुमच्या पाया पडले असते. तेवढी संधी द्यायला हवी होती. माझं भांडण आहे ते एवढंच.

आणि एक, दादा. दुपारचा चहा तुम्हाला चालत नव्हता. पित्त व्हायचं. मी गाळा उघडल्यापासून दुपारी तुम्ही कधी चहा घेतला नव्हतात, हे मला तेव्हाही चांगलं ठाऊक होतं, तरी दोन चहा घेऊन ये म्हणालात तेव्हा मला काही वाटलं नाही. त्या दिवशी तुम्ही ग्लासाला हात लावला नाहीत. "थंड होतोय, तूच घे," म्हणालात. आणि मी तुमच्यासमोर उभी राहून, तुम्हाला बोल लावत लावत, तुमच्या वाटणीचाही चहा प्यायले.